माग थांबले ती दुपार

इरा, निहार,

मागच्या रविवारी आपण सगळे फोनच्या पडद्यावर जमलो होतो, तेव्हा इराने एक गोष्ट सांगायला घेतली होती. तिच्या परदेशातल्या गावचं तळं गोठलं होतं आणि ती त्यावरून एकटी चालत होती. चालता चालता काही वेळ असा आला की 'मी' म्हणून जे काही आपण आत बाळगतो ते तिच्यात उरलंच नाही. बर्फ होता, आकाश होतं, चालणं होतं, चालणारी नव्हती. निहारने तिला पुढे बोलू दिलं नाही. मेंदूच्या कोणत्या भागाचं काम मंदावलं की असं होतं ते त्याने नावानिशी सांगितलं, कारण तो तेच शिकतो आहे. इराची आई, म्हणजे माझी लेक, म्हणाली की ही गुरुकृपा आहे, पुढच्या खेपेला आलीस की तुला आश्रमात घेऊन जाते. इराने "मला झोप आलीय" म्हणून पडदा बंद केला. तिच्याकडे तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

मग निहारने मला विचारलं, "आजी, तू जन्मभर सायन्स शिकवलंस आणि दर श्रावणात कानबाईपुढेही बसतेस. तू नक्की कोणाच्या बाजूची?" मी उत्तर दिलं नाही. फोनवर मला मुद्देसूद बोलता येत नाही, मधेच कोणाचा तरी चेहरा गोठतो. शिवाय हे उत्तर एका वाक्याचं नाही. ते मी तुमच्या आईवडिलांनाही कधी पुरतं सांगितलेलं नाही. इराला पुन्हा झोप येऊ नये म्हणून आता लिहिते. क्रमाने लिहिते, कारण मला दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येत नाही.

आमचं घर सुरतेत, उधन्याच्या एका गल्लीत, कापडाच्या कारखान्याच्या पाठीला लागून होतं. घर म्हणजे एक लांब खोली, पुढे ओटा, आणि मागची भिंत कारखान्याचीच. भिंतीपलीकडे माझे वडील, ज्यांना आम्ही बापू म्हणत असू, जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करून पुन्हा चालता करायचा हे त्यांचं काम. माग दोन्ही पाळ्यांत चालत. धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो त्याचा एक ठोका असतो. असे ठोके एकमेकांत मिसळून जो आवाज होतो तो कानांना ऐकू येण्याआधी पाठीला कळतो. फडताळातल्या पितळी वाट्या दिवसभर एकमेकींना लागून किणकिणत. आम्ही सगळे ओरडून बोलायचो आणि निम्मं बोलणं हातांनी करायचो. जेवायला बसलं की माय बोट वर करी, म्हणजे भाकरी हवी का. मूठ दाखवी, म्हणजे पुरे का. आठवड्यातून एक दिवस वीज बंद असे, त्या दिवशी सकाळपासून गल्ली गप्प राही आणि तान्ही मुलं झोपायचं नाव घेत नसत. शांतता आमच्याकडे विश्रांती म्हणून नव्हे, बिघाड म्हणून यायची.

आम्ही खानदेशातले. गल्लीत बहुतेक सगळे तिकडचेच, आणि घरात अहिराणी. बापूंची मोठी बहीण आमच्याकडे राहायची. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात, आणि गुजरातीतही जवळपास तसंच म्हणतात, त्यामुळे साऱ्या गल्लीची ती फुई होती. लवकर विधवा झालेली, उंच, काटक, दातांनी सुपारी फोडणारी. चूल तिच्या ताब्यात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्च्या तेलाची धार. सुरतच्या खाण्याशी तिचं शेवटपर्यंत जमलं नाही. हिवाळ्यात इथे पोंक येतो, म्हणजे कोवळी ज्वारी, आणि लोक त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव घालून खातात. फुई ते बघून दरवर्षी म्हणायची, "हाऊ ते आपला हुरडा से. यावर शेव कसाले टाकतस या लोक?" आणि मग दोन मुठी शेव टाकून खायची.

फुईचं एक दुःख होतं आणि ते तिने कधी लपवलं नाही. आमचं गाव तापीच्या काठचं. तिथे श्रावणात कानबाई बसे, म्हणजे नारळाला डोळे, नथ, लुगडं, दागिने घालून केलेली आमची देवी. त्या रात्री तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, अंगात वारं यायचं. गावोगावची माणसं विचारायला येत. आजी गेली, आम्ही सुरतेला आलो, कानबाई दरवर्षी बसवली, पण भाऊबंदकीत कोणाच्याही अंगात वारं आलं नाही. तीच तापी सुरतेत येते, आम्ही कानबाई तिच्यातच बोळवायचो. काठावर उभी राहून फुई म्हणायची, "पाणी उनं, माय उनी नही." पाणी आलं, आई आली नाही. पोटासाठी गाव सोडलं म्हणून देवी रुसून वरच, गावाकडे राहिली, अशी तिची खात्री होती. हे मी आज हसण्यावारी नेत नाही. घर सोडून आलेल्या माणसाला कसलं ना कसलं राहून गेलेलं असतंच, हे तुमच्या आईवडिलांना विचारा.

बापूंनी मला शहरातल्या मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. कारखान्याच्या शेठच्या ओळखीने जागा मिळाली, आणि गल्लीत त्यावर पुष्कळ बोलणी झाली. शाळेत मला पहिली दोन वर्षं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली, ती म्हणजे हळू बोल. सायन्सला विभाबेन होत्या. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, लग्न केलेलं नाही. त्यांचं म्हणणं असे की जगात कारण नसलेलं काही नाही, फक्त कारण न शोधलेलं पुष्कळ आहे. त्यांनी लिटमसचा कागद आमच्या हातात दिला तेव्हा मी त्यांची झाले. त्यांच्या धाकट्या बहिणीला काविळीत घरच्यांनी डॉक्टरऐवजी भुव्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, ठेवलं होतं, आणि ती गेली. हे त्यांनी वर्गात फळ्याकडे पाठ करून, अगदी कोरड्या आवाजात सांगितलं होतं. शहरात त्यांचं एक मंडळ होतं, भुव्यांचे चमत्कार लोकांसमोर करून दाखवून त्यातली हातचलाखी उघडी पाडणारं. मला मोठेपणी त्यांच्यासारखं व्हायचं होतं, आणि मी बरीचशी झालेही.

तर त्या वर्षीचा कानबाईचा रविवार. मी बारा-तेरा वर्षांची असेन. कानबाईचा नैवेद्य म्हणजे रोट. त्याचे गहू वेगळे निवडायचे, गिरणी आधी झाडून घेऊन दळायचे, आणि त्याची पोळी, खीर, लाल भोपळ्याची भाजी असा सगळा स्वयंपाक फक्त आपल्या भाऊबंदकीने खायचा. बाहेरच्या माणसाला त्यातला कण द्यायचा नाही. नैवेद्य होईपर्यंत बायकांनी काही खायचं नाही, आणि त्या वर्षी फुईने पहिल्यांदा मला बायकांत धरलं होतं, म्हणून मी पाणीही प्यायले नव्हते. राखीपौर्णिमेच्या साड्यांची मागणी होती, त्यामुळे शेठने सकाळपाळी चालवली, दुपारी बंद करतो म्हणाला. आरतीची वेळ झाली तशी फुईने मला भिंतीकडे हात करून खूण केली, बापूला घेऊन ये.

चालत्या मागांत मुलींना जायची बंदी होती, वेणी अडकते म्हणून. मी दाराशी उभी राहिले आणि बापूंनी मला पाहून मेन स्विच खाली ओढला. माग सगळे एकदम थांबत नाहीत. पट्टे फिरत राहतात, ठोके विरळ होतात, आणि शेवटचा धोटा कुठेतरी कोपऱ्यात एकदा आपटतो. कारागीर हात पुसत पुढच्या दाराने गेले, बापू हातपाय धुवायला बाहेर नळावर गेले. मी आत शिरले, दोन मागांमधल्या चिंचोळ्या वाटेत. माझ्या छातीइतक्या उंचीवर ताणा ताणलेला होता, पांढऱ्या धाग्यांची दाट ओळ, आणि पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची एक पट्टी त्यावर पडली होती. मी धाग्यांवर हात ठेवला. ते अजून किंचित थरथरत होते. मग तेही थांबले.

आणि मी संपले. याहून बरा शब्द मला पुढे इंग्रजीतही सापडला नाही. भीती वाटायला कोणी शिल्लक नव्हतं. धागे होते, ऊन होतं, तापलेला पत्रा एकदा तडकला तो आवाज होता, बाहेर बादलीत पाणी पडत होतं ते होतं. पण हे कोणी पाहत होतं, ऐकत होतं, असं नव्हतं. नुसतं ऐकणं होतं. आणि जे होतं त्याला कशाचीही कमी नव्हती. मला आनंद झाला असं मी म्हणत नाही, कारण आनंद कोणाला तरी होतो. किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही. फुई मला शोधत आली तेव्हा माझा हात ताण्यावरच होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी रडत नव्हते, पाणी वाहत होतं.

फुईने विचारलं, "काय झायं व पोरी?"

मला जे खरं वाटलं ते मी बोलले. "मी नव्हते. सगळं होतं, पण मी नव्हते."

फुईला मी कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. ती हळू म्हणाली, "तू नव्हतीस, ते मग कोण व्हतं तठे?" आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून ती मोठ्याने रडायला लागली. रडता रडता म्हणत होती, उनी, माय उनी, सुरतले उनी.

ज्या बाईने मला तासातासाला कान धरून उठवलं-बसवलं ती माझ्या पायाशी. त्याची मला जी लाज वाटली ती अजून आठवते. पण मी तिला थांबवू शकले नाही, आणि पुढचं सगळं फार वेगाने झालं. आरती कानबाईची झाली आणि मग माझी झाली. दुसऱ्या दिवशी कानबाई बोळवायला तापीवर गेलो तेव्हा मला बायकांच्या पुढे चालवलं. मंगळवारपासून दुपारी ओट्यावर पाट मांडून मला त्यावर बसवायला सुरुवात झाली. गल्लीतल्या, मग शेजारच्या गल्ल्यांतल्या बायका येऊन विचारत. नवरा गावाहून परत कधी येईल, मुलाला मिलमध्ये लावतील का, सुनेला दिवस राहतील का. मी गप्प बसे. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ फुई सांगे. शाळा बंद. माय मधून मधून दारात येऊन माझ्याकडे बघून जाई, जसं दुधावर लक्ष ठेवतात तसं.

तिसऱ्या दिवशी शेवंतामावशी आली. ही समोरच्या खोलीतली. तिचं पोर, दीड वर्षांचं, तापाने फणफणलेलं होतं, मान टाकून तिच्या खांद्यावर पडलं होतं. ती म्हणाली, "माय, अंगारा दे." फुईने अंगाऱ्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी त्या पोराकडे पाहिलं. त्याचे ओठ सुकले होते, टाळू खोल गेली होती, आणि हे दिसलं की काय करायचं ते विभाबेननी आम्हाला शिकवलं होतं. मी वाटीला हात लावला नाही. म्हटलं, "याला आत्ता दवाखान्यात ने. अंगारा नको, पाणी पाज आणि ने."

पाटावर बसल्यापासून मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. शेवंतामावशी धावत गेली. पोराला सलाइन लावलं, ते वाचलं, आणि गल्लीभर झालं की देवीने दवाखाना सांगितला. म्हणजे मी देवी नाही हे दाखवायला जे बोलले त्यानेच मी पक्की देवी झाले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर उभं राहायला जागा नव्हती. फुईने बापूंना सांगितलं की पोरीला आता त्या शाळेत पाठवायचं नाही. ज्या अंगात कानबाई येते ते अंग बाकावर बसून परक्या देवाची प्रार्थना म्हणणार नाही. बापू काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे होकार असं घरात धरलं जायचं.

मला तेव्हा नेमकं कळलं की काय जाणार आहे. इंग्रजी जाणार, लिटमस जाणार, आणि मी त्या पाटावर म्हातारी होणार.

विभाबेन आल्या त्या पुढच्या आठवड्यात, पौर्णिमेच्या आधी. वर्गातल्या कोणीतरी सांगितलं असावं. रोटाचं पीठ अजून संपलं नव्हतं, घरात तेच शिजत होतं. फुईने त्यांना ओट्यावर चटई टाकून दिली आणि म्हणाली, "बेन, रोट तुले देता येत नही, भाऊबंदना से. चहा ले." विभाबेन म्हणाल्या, मी रोटासाठी आलेच नाही. चहा मात्र घेतला. बायका नेहमीप्रमाणे जमल्या होत्या आणि उठायचं कोणाच्या मनात नव्हतं.

विभाबेननी मला समोर बसवलं आणि पेशंटला विचारतात तसं विचारलं. "किती वेळ उपाशी होतीस?"

"सकाळपासून."

"पाणी?"

"नाही."

"वर पत्रा, बाहेर ऊन, पोटात काही नाही. कानात जन्मल्यापासून ठोका, तो एकदम बंद. जो बेटा, बघ, मग दुसरं काय होणार? चक्कर येणार. एमां माताजी क्यांथी आव्यां? यात देवी कुठून आली?"

"ती चक्कर नव्हती, मिस."

"तुला काय ठाऊक चक्कर कशी असते?"

"मला बस लागते," मी म्हटलं. "चक्कर मला माहीत आहे. ते वेगळं होतं."

एक-दोन बायका हसल्या. विभाबेन हसल्या नाहीत. "तू म्हणतेस, तू नव्हतीस. मग हे आत्ता मला सांगतंय कोण?"

"मी बी तेच इचारस," फुई पदराआडून म्हणाली. त्या दोघींचं एकमत झालेलं मी एवढंच पाहिलं.

मग विभाबेननी आपलं काम सांगितलं. त्यांच्या मंडळाची सभा होती, शहरातल्या एका सभागृहात. तिथे मी यायचं, मंचावर उभं राहायचं आणि सांगायचं की माझ्या अंगात देवी आली असं लोक म्हणत होते, पण ती भूक होती आणि कानांचा भास होता, बाकी काही झालं नव्हतं. एका पोरीने असं सांगितलं तर दहा पोरी वाचतील. त्या बापूंना म्हणाल्या, तुम्ही हिला शाळेत पाठवा, हिची मी जबाबदारी घेते, फक्त एवढं हिने बोललं पाहिजे. फुई उठून उभी राहिली. म्हणाली, ती बोलणार नाही, कारण ती खोटं बोलत नाही. मग तिने माझ्याकडे वळून हात जोडले, आणि ते मला फार जड गेलं. "सांग यासले, माय. तूच सांग, तू उनी से ते."

बापू दारात उभे होते. ते म्हणाले, "दोघी तिला काय बोलायचं ते शिकवतायत. पोरीला कोणी विचारलंय का?"

मी पाटावरून उठले. पाट उचलून भिंतीला उभा केला. आमच्या गल्लीची सवय म्हणून मी ओरडूनच बोलले, हळू बोलायचं शाळेत शिकले होते ते विसरून.

मी म्हटलं, "जे झालं ते झालं. ते खोटं नव्हतं आणि ती चक्करही नव्हती. पण मला कोणी काही सांगितलं नाही. कोणाचा नवरा कधी येणार हे मला माहीत नाही. फुई सांगते ते ती सांगते, मी नाही. शेवंतामावशीचं पोर मिसने शिकवलं होतं म्हणून मला कळलं, कानबाईने सांगितलं म्हणून नाही. मी उद्या शाळेत जाणार. या पाटावर बसणार नाही."

विभाबेनच्या चेहऱ्यावर समाधान आलं. मला ते मोडावं लागलं.

"आणि मिस, मी मंचावर पण येणार नाही. काही झालं नव्हतं असं मी म्हणणार नाही. झालं होतं."

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. "शास्त्राच्या भाषेत सांग."

"ते मला येत नाही. आलं की सांगेन."

भिंतीपलीकडे माग चालूच होते. मग शेवंतामावशी, जिच्याकडून मी देवीपण काढून घेतलं होतं, उठली आणि म्हणाली, "जाऊ दे व पोरले शाळामां. देवी असो का नसो, ही दवाखाना बरोबर सांगस." बायका हसत हसत उठल्या. त्या हसण्याने माझं काम सोपं केलं, कारण हसलेल्या बाईला पुन्हा पाया पडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. माझा डबा मायने भरला, कारण फुई चुलीपाशी आली नाही. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. खूण मात्र करायची, बोट वर, मूठ. विभाबेननी मला शाळेतल्या सायन्स मंडळातून काढलं नाही, पण पुन्हा कधी पुढच्या बाकावर बोलावून प्रयोग करायला दिला नाही. त्यांना वाटलं, मी अर्ध्या वाटेवर थांबले. काही वर्षांनी त्यांची नवसारीकडे बदली झाली आणि आमची भेट राहूनच गेली. मी शिक्षिका झाले तेव्हा त्यांना कळवायला हवं होतं असं वाटतं, पण पत्ता नव्हता.

निहार, आता तुझ्याशी. विभाबेननी सांगितलेली कारणं मी कधी नाकारली नाहीत. उलट मी ती तपासली. पुढच्या काही सुट्ट्यांत मी उपाशी राहून, पाणी न पिता, माग थांबण्याच्या क्षणी त्याच जागी जाऊन उभी राहिले. डोकं दुखलं, एकदा उलटी झाली, ते पुन्हा आलं नाही. एवढ्याने कारणं खोटी ठरत नाहीत, आणि पुन्हा आलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही; माझा जन्मही पुन्हा झालेला नाही. तू म्हणतोस तसं मेंदूत काही झालंच असेल. मेंदूत काही न होता मला भाकरीचा वाससुद्धा येत नाही. पण बारडोलीच्या कारखान्यात उसाची साखर कशी होते ते मी मुलींना सहलीला नेऊन दाखवलं आहे, आणि सगळ्या भट्ट्या बघून बाहेर आल्यावरही साखर गोडच लागली. कसं झालं ते सांगितल्याने काय झालं ते सांगून होत नाही. तू पहिलं शिक, नीट शिक. पण इरा दुसरं सांगत असेल तेव्हा मधे बोलू नकोस.

आणि इराच्या आईला, तीही हे वाचणार म्हणून, एवढंच. साखर गोड लागली म्हणून ती कोणी पाठवली हे गोडीवरून कळत नाही. माझ्या अनुभवात कोणाचा चेहरा नव्हता, नाव नव्हतं, आज्ञा नव्हती. ज्याने त्यात आज्ञा घातली त्याला बदल्यात माझी शाळा हवी होती, आणि तो माणूस माझ्यावर जीव टाकणारा होता. म्हणून जास्त जपून राहायचं.

फुईचं सांगायचं राहिलं. ती शेवटच्या आजारात माझ्याच घरी होती. तेव्हा मी शिकवत होते, तुमचे आईवडील लहान होते. एका दुपारी मी तिला पेज भरवत असताना तिने विचारलं, "त्या दिनले तुले काहीच दिखनं नही? नथ बी नही?" मी म्हटलं, "नाही फुई. नथ नाही, कोणीच नाही." तिने पेज गिळली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "मन्ही मायले बी कधी दिखनी नही." माझ्या आईलाही कधी दिसली नाही. मग म्हणाली, मीठ कमी आहे.

मी त्या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. गावोगावची माणसं जिच्या पायाशी बसत, तिलाही बहुधा माझ्यासारखंच काहीतरी झालं होतं आणि तिला कोणी उठू दिलं नव्हतं. फुईला हे माहीत होतं. तरी तिला देवी सुरतेत हवी होती.

इरा, तुला तळ्यावर जे झालं त्याला आश्रमाची गरज नाही आणि निहारच्या सहीचीही नाही. त्याचा पाट करून त्यावर कोणाला बसवू नकोस आणि त्यावर स्वतःही बसू नकोस. जे कळलं तेवढंच सांग, त्याहून एक शब्द जास्त नाही आणि कोणी दटावलं म्हणून एक शब्द कमीही नाही. तुला ते शास्त्राच्या भाषेत सांगता आलं तर मला पहिल्यांदा फोन कर.

आता काय उरलंय ते लिहून थांबते. फुई नाही, माय-बापू नाहीत. कारखाना पाडून तिथे साड्यांचं गोदाम झालं, त्यात आवाज नाही. कानबाई आता सुरतेतच, डिंडोलीला माझ्या चुलतभावाकडे बसते. मी जाते, गाणी म्हणते, रोट खाते, आणि आमच्या भाऊबंदकीत त्यानंतर कोणत्याही पोरीला पाटावर बसवलेलं नाही. ती दुपार माझ्याकडे आहे. मी ती देवीच्या नावावर केली नाही आणि उपासाच्याही नावावर केली नाही.